एका राहिलेल्या सहीचा उपनगर-दौरा

युरोप करून आलेली माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत. ट्युलिपच्या बागा, बर्फाचे डोंगर, आणि इतक्या लांब नेमकी आपल्या शेजारच्या इमारतीतलीच जोशीण कशी भेटली, हे सगळं मी मान डोलावत ऐकून घेतलेलं आहे. आता माझं ऐका. मागच्या महिन्यात मी सहा दिवसांत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड करून आले. निघाले विक्रोळीहून, परत आले विक्रोळीला, झोपायला रोज घरीच. व्हिसा लागला नाही, एवढीच काय ती सोय. बाकी परक्या मुलखात माणसाचे जेवढे हाल होतात तेवढे सगळे झाले.

मी स्टँडअप करते. म्हणजे हातात माइक घेऊन एकटीनं उभं राहायचं आणि समोरच्यांना हसवायचं. आठ वर्षं झाली, तरी आमच्या इमारतीतल्या एक आजी अजून विचारतात, "मग बसून का नाही गं करत?" माझा पहिला एक तासाचा मराठी कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा होता. पन्नास मिनिटं तयार होती. शेवटची दहा काही केल्या बसत नव्हती. आमच्या कामात शेवट पडला की आधीचं सगळं पडतं, कारण लोक घरी जाताना तेवढंच बरोबर नेतात. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी ही दहा मिनिटं चार ठिकाणी करून बघायची असं ठरवलं.

ही दहा मिनिटं माझ्या पप्पांवर होती. पप्पा एका कारखान्याच्या टूलरूममधून, सुतासुताच्या मापाचं काम करून, निवृत्त झाले. विक्रोळीच्या कन्नमवारनगरमधली आमची इमारत पाडून नवी बांधायची, हे तीन वर्षांपूर्वी ठरलं. चाळीस घरं. एकोणचाळीस सह्या झाल्या. राहिलेली सही पप्पांची. कायद्याला बहुमत पुरतं म्हणतात, पण आमचा बिल्डर पोळलेला आहे. कोर्टाचं झेंगट नको, चाळीसच्या चाळीस सह्या आणा मगच कुदळ मारतो, असं त्यानं सांगितलेलं. त्यामुळे सगळ्या इमारतीचं घोडं आमच्या दारात अडलेलं. तेव्हापासून मी यावर स्टेजवर बोलतेय. त्यातला हा जोक: "याच पप्पांनी मागच्या रविवारी मला स्थळ दाखवलं. मुलगा पोहे खाऊन गेला आणि लगेच विचारतात, काय, हो कळवू ना? पप्पा, तुम्हाला तीन वर्षांत घर पसंत पडेना, आणि मला अर्ध्या तासात नवरा?"

यावर हशा येतो. पण पुढे काय, ते मला सापडत नव्हतं.

मंगळवार, अंधेरी

अंधेरीत एका कॅफेच्या तळघरात दुपारी चार वाजता ओपन माइक होता. ओपन माइक म्हणजे ज्याला वाटेल त्यानं यावं आणि पाच मिनिटं बोलावं. प्रेक्षक म्हणून बसलेले सतरा जण होते आणि त्यातले पंधरा आपला नंबर यायची वाट बघणारे कॉमेडियन. कॉमेडियन लोक हसत नाहीत. ते फोनमध्ये बघत तोंडानं "नाइस, नाइस" म्हणतात. लग्नाच्या पंगतीत सगळे आचारीच बसले तर जसं होईल तसं ते वातावरण असतं.

कॅफेत खायला एक पाव मिळाला, त्यावर हिरवं काहीतरी थापलेलं होतं आणि त्याला मीठ नव्हतं. तो चघळत मी नंबरची वाट पाहिली. नंबर आला. नवऱ्याच्या जोकवर दोघं हसले. रीडेव्हलपमेंटवर कुणीच नाही. उतरल्यावर एका मुलीनं मला मनापासून विचारलं, "दीदी, पण सही नाही केली तर काय होतं? दुसरं घर बघायचं ना!" ही मंडळी दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलतात. इमारत पडणं, उभी राहणं, त्यासाठी आयुष्यभर भांडणं हे त्यांना माझ्या आजोबांच्या काळातलं वाटलं असावं.

तिथला सूत्रधार रोहन माझा जुना मित्र. तो म्हणाला, "शीतल, यार, तुझे पप्पा क्यूट वाटतायत. क्यूट माणसावर कोण हसणार? व्हिलन कर ना त्यांना. एक माणूस, एकोणचाळीस घरांची वाट लावतोय. मग बघ, झकास चालेल."

मला राग आला, पण सल्ला बरोबर होता. परतीला पवईपर्यंत बस नुसती उभीच होती, तेवढ्या वेळात मी पप्पांना व्हिलन करून टाकलं. वरच्या मजल्यावर छत गळतंय, दहावीची मुलगी छत्री उघडून अभ्यास करतेय, आणि खाली पप्पा बिल्डरच्या नकाशावर पट्टी ठेवून म्हणतायत, "बाथरूम दोन इंच कमी आहे." लिहिताना मलाच हसू येत होतं.

गुरुवार, बोरिवली

बोरिवलीला एका मोठ्या सोसायटीच्या सांस्कृतिक मंडळाचा वर्धापनदिन होता. सेक्रेटरींनी फोनवर बजावलं होतं, "मॅडम, ते सहीवालं नक्की करा हं. आमच्याकडे सगळ्यांना फार आवडलंय." माझी एक जुनी क्लिप त्यांनी पाहिली होती. कुणीतरी आपलं काम नाव घेऊन मागतंय म्हटल्यावर मी हुरळले. तिथेच चुकलं.

सहा वाजता कार्यक्रम. सहाला दीपप्रज्वलन सुरू झालं. समईवर पंखा होता. पाच मान्यवरांनी पाच वेळा वात लावली आणि ती पाच वेळा विझली. पंखा बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण पंख्याचं बटण ज्यांच्याकडे असतं ते सी विंगवाले रुसून आले नव्हते. मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग बी विंगसमोर लावलेल्या पांढऱ्या गाडीबद्दल विनंती, मग दुसऱ्यांदा विनंती. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. बोरिवलीत मे महिन्यात शाल पांघरून उभं राहणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे.

त्यानंतर सेक्रेटरींनी माझी ओळख करून दिली आणि ओळखीतच माझा जोक सांगून टाकला. पूर्ण. "तर यांचे वडील म्हणतात, अर्ध्या तासात नवरा पसंत कर, हा हा हा, आता तुम्ही यांच्याच तोंडून ऐका!" मला तो नारळ तिथेच फोडावासा वाटला.

तरीही कार्यक्रम रंगला. व्हिलन पप्पा जोरात चालले. छत्रीवर टाळ्या, दोन इंचांवर टाळ्या. पण काहीतरी खटकत होतं. माणूस हसतो तेव्हा बोलणाऱ्याकडे बघून हसतो. ही माणसं हसली की माना उजवीकडे वळवत होती. दर हशाला अख्खं सभागृह उजवीकडे बघायचं. मीही बघितलं. तिसऱ्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर पांढरा शर्ट घातलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांच्या सोसायटीचंही रीडेव्हलपमेंट अडलेलं होतं आणि यांचीही एक सही राहिली होती. त्या माणसाला सगळ्यांसमोर लाज आणायला मला बोलावलं होतं. भांडण मिटवायला वकील आणतात, पोलीस आणतात. या मंडळींनी शाल-श्रीफळ देऊन कॉमेडियन आणली होती.

कळलं तरी मी थांबले नाही, हेही सांगायला हवं. हशा चालू असताना थांबणं मला जमत नाही. मी नवऱ्याचा जोकही केला, आणि फोडलेला जोक असून तो चालला.

खाली उतरल्यावर सेक्रेटरी साबुदाणे वड्याची बशी घेऊन धावत आले. "वा मॅडम! अगदी योग्य माणसाला लागलं बघा!" वडा बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा होता. तो हातात धरून मी उभी असताना ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थच माझ्याकडे आले. मी घाईघाईनं म्हणाले, "काका, मला खरंच माहीत नव्हतं हो."

"असू दे," ते म्हणाले. "माझं सोडा. तुमच्या वडिलांचं काय कारण आहे?"

"कारण असं काही नाही. स्वभाव. हट्टी आहेत."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

मी वडा या हातातून त्या हातात घेतला. ते म्हणाले, "मलाही इथे कुणी विचारलेलं नाही. सही करा, सही करा, एवढंच म्हणतात." आणि ते जिन्याकडे गेले. मी तो वडा खाल्ला नाही. नारळ मात्र घरी नेला, कारण नारळ टाकत नाहीत.

शुक्रवार, विक्रोळी

प्रवासात एक दिवस मुक्काम असतो, तसा हा आमच्याच घरी. सकाळी पप्पा मिक्सर उघडून बसले होते. आमच्याकडे कुठलीही वस्तू बिघडायची वाट पाहत नाहीत. पप्पा आधीच उघडतात. मी समोर बसले आणि विचारलं, "पप्पा, तुम्ही सही का करत नाही?"

त्यांनी स्क्रू बशीत ठेवला. "आता विचारतेस? तीन वर्षं लोकांना हसवून झाल्यावर?"

"तुम्ही ऐकलंय ते?"

"सगळ्या इमारतीनं ऐकलंय. आपल्या इमारतीच्या सेक्रेटरीनं स्वतः पाठवलं मला. खाली हसणारं तोंड टाकून."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, मिक्सरचं पातं पुसत.

तीन वर्षांपूर्वीची, रविवारची सकाळ होती. कमिटीचे चौघे सह्या घ्यायला येणार हे आदल्या दिवशी कळवलं होतं. आईनं कपाटातले कप काढले, पप्पांनी खुर्च्या मांडल्या. चौघे आले आणि दाराबाहेरच उभे राहिले. पप्पा म्हणाले, या, बसा, चहा ठेवलाय. "नको नको, घाई आहे, इथेच करा काका," म्हणत एकानं फाईल दाराच्या चौकटीला टेकवली आणि पेन पुढे केलं. पप्पांनी पेन घेतलं नाही, नंतर बघू म्हणाले. मग ते चौघे समोरच्या घरात गेले. चपला काढून, आत. दार उघडंच होतं. चाळीस मिनिटं बसले. पोहे झाले, वर चहा झाला, कुणीतरी साखर कमी मागितली.

आमच्या इमारतीत बौद्धांची घरं दोन. दुसऱ्या घरानं चौकटीला टेकवलेल्या फाईलवर उभ्याउभ्या सही करून टाकली.

"पस्तीस वर्षं एका जिन्यात राहतोय," पप्पा म्हणाले. "मी यांचे पंखे दुरुस्त केले, नळ दुरुस्त केले. तेव्हा मी आत गेलेलो चालायचो. हे मात्र माझ्या घरात बसणार नाहीत. सही पाहिजे ना माझी? मग आत या, बसा, मागा."

"मग सांगायचं ना मला!"

"काय सांगायचं? तू म्हणालीस, पप्पा हट्टी आहेत. लोक हसले. मला वाटलं, पोरीचं चाललंय, चालू दे."

मी रडले, ते सोडून देते. मग विचारलं, "हे मी स्टेजवर सांगू?"

त्यांनी पातं जागेवर बसवलं. "सांग. पण मुलुंडला सांग. मी येऊन बसणार. माझ्या पाठीमागे खूप झालं. आणि एक, रडका आवाज काढायचा नाही. माप सांगितल्यासारखं सांगायचं. कोण कुठे उभं राहिलं, किती वेळ बसले. बाकी लोकांना कळतं."

आठ वर्षांत मला याहून चांगला धडा कुणी दिलेला नाही. बाकी लोकांना कळतं, ही त्यातली एकच गोष्ट पुढे खोटी ठरायची होती.

शनिवार, घाटकोपर

घाटकोपरला एका फरसाणवाल्याच्या दुकानावर हॉल आहे. तिथे शनिवारी दुपारी कार्यक्रम असतो आणि तिकिटात खाणं येतं, म्हणजे खाण्यात थोडा कार्यक्रम येतो. अर्धे लोक गुजराती. सुना सासवांना भाषांतर करून सांगत होत्या, त्यामुळे प्रत्येक हशा दोनदा येत होता. पहिला संपला म्हणून मी पुढे बोलायला जावं तर दुसरा. पातरा, म्हणजे त्यांची अळूवडी, फार उत्तम होता. मला इतर कुठल्याच थांब्यावर इतकं चांगलं खायला मिळालं नाही, आणि नेमकं तिथे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

कारण मला तिथेही शेवटची दहा मिनिटं करायची होती. खरी गोष्ट मुलुंडसाठी राखलेली होती, पण पप्पांना व्हिलन न करता नवं लिहिलेलं वहीत होतं. तोंड उघडलं आणि मी जुनंच केलं. छत्री, दोन इंच, नवरा. टाळ्या पडल्या. घाबरले होते, दुसरं काही नाही. व्हिलन काढून टाकला आणि हॉल गप्प झाला तर काय, या भीतीनं मी सगळं माहीत असूनसुद्धा पप्पांना आणखी एकदा व्हिलन केलं. खाली उतरून मी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या बोरिवलीच्या सेक्रेटरींनाही दिल्या नव्हत्या.

रविवार, मुलुंड

मुलुंडला एका वाचनालयाच्या सभागृहात ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरतो. सकाळी साडेदहाची वेळ म्हणजे सव्वादहाला सगळे बसलेले. असा वक्तशीर प्रेक्षक मला कुठेच मिळाला नव्हता. निवृत्त अधिकारी, शिक्षिका, डॉक्टर. मराठी स्वच्छ, साड्या इस्त्रीच्या. एका बाईंनी सुरुवातीलाच विचारून घेतलं, "शिव्या नाहीत ना गं त्यात?" पप्पा शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसले, डोक्याला तेल, हातात छत्री. मी त्यांची ओळख करून दिली नाही. त्यांनीच नको म्हटलं होतं.

पन्नास मिनिटं लोण्यासारखी गेली. मग मी सहीवर आले. नवऱ्याचा जोक झाला, लोक खळखळून हसले. आणि मी म्हणाले, "या शुक्रवारी मी पप्पांना पहिल्यांदा विचारलं." मग माप सांगितल्यासारखं सांगितलं. चार माणसं. फाईल चौकटीला. आमच्या घरात शून्य मिनिटं, समोरच्या घरात चाळीस. आमचं घर बौद्धांचं आहे, हेही तेवढ्याच आवाजात.

सभागृह गप्प झालं. जेवताना खडा लागल्यावर माणूस जसा थांबतो तसं. कुणी पदर सारखा केला. पुढच्या रांगेतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "पण आता कुठे राहिलंय असं?" मी पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतले, चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ उठले. माणूस वाईट नव्हता. त्यांना मनापासून मदत करायची होती.

"मी सांगू का?" ते म्हणाले. "तुमच्या वडिलांचा गैरसमज झालाय. मी स्वतः आमच्या सोसायटीच्या सह्या गोळा केल्यात. अहो, चाळीस घरं! घरोघरी चहा प्यायला तर माणसाचं काय होईल? चौथ्या घरापासून मी सगळ्यांना दारातूनच नमस्कार करत होतो. जात नव्हे हो ती, ॲसिडिटी!"

सभागृह फुटलं. सबंध दौऱ्यातला सगळ्यात मोठा हशा. सुटकेचा हशा, खडा निघाला, आता जेवण पुढे चालू. लोक डोळे पुसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आणि हा हशा माझा नव्हता, तो माझ्या बापावर होता, आणि तो मीच त्यांना समोर बसवून घडवून आणला होता. आठ वर्षं प्रेक्षकांना उलट उत्तरं देऊन पोट भरतेय, आणि त्या क्षणी एक शब्द सुचेना. माझा माइकचा हात आपोआप खाली आला.

शेवटच्या रांगेत पप्पा उभे राहिले. घाई नाही. त्यांनी हशा पूर्ण संपू दिला. हे थांबणं मला शिकायला पाच वर्षं लागली होती.

"तिचा बाप मीच," ते म्हणाले. "साहेबांचं बरोबर आहे. चाळीस चहा कोण पिणार?"

काही जण पुन्हा हसले. पप्पांनी तेही संपू दिलं.

"पण आमची खोली एक नंबरची आहे. त्यांच्या फाईलवर पहिलं नाव माझं. सकाळी सुरुवात आमच्यापासून केली त्यांनी. तोवर कुणाकडेच चहा झाला नव्हता."

आणि ते खाली बसले.

मी त्या खोलीत जन्मले, दारावरचा तो आकडा रोज बघितला, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कपाळावरचा चष्मा नाकावर आला. गृहस्थ उभेच होते, मग बसले. कुणी खोकलंसुद्धा नाही. माझी तीन मिनिटं शिल्लक होती. शांततेवर कार्यक्रम संपवायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी माइक स्टँडला लावला आणि उतरले.

नंतर उपमा होता. सात-आठ जण पप्पांभोवती जमले आणि त्यांना रीडेव्हलपमेंटचे कायदे समजावून सांगू लागले. त्या चहाबद्दल कुणीही एक अक्षर बोललं नाही. ते गृहस्थ लांबून दोनदा आमच्याकडे बघून निघून गेले. पप्पांनी सगळ्यांचे सल्ले ऐकले, उपम्यात मीठ जास्त आहे म्हणाले आणि तरी तो संपवला.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना सांगितलं की ते खोलीचं वाक्य म्हणजेच माझा शेवट आहे, सबंध दौऱ्यात शोधत होते तो, आणि रेकॉर्डिंगला मी तिथेच संपवणार.

"तू नाही," पप्पा म्हणाले. "ते माझं आहे. मी येतो. मीच म्हणेन."

"पप्पा, असं नसतं. स्टँडअप एकट्यानं करायचं असतं."

"तीन वर्षं एकटीनंच केलंस ना?" ते म्हणाले. "आता जरा सरक, मला खिडकीशी बसू दे."